फोटो द्या, गॅलरी नको

‘फोटो टाकायचा म्हणजे ॲपला परवानगी द्यावीच लागणार ना?’ सोशल मीडियाविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांत हा कायम असतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: ‘परवानगी तर केव्हाच देऊन बसलोय, आता काही करता येईल का?’ पाडव्याची स्वागतयात्रा, फडके रोडवरची दिवाळी पहाट, टेंभी नाक्यावरची देवी, तलावपाळीवरची संध्याकाळ. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत फोटो काढण्याचे प्रसंग वर्षभर असतात आणि ते तिथल्या तिथे टाकायची घाईही असते. गर्दीत उभं असताना फोन परवानगीची चौकट पुढे करतो. ती वाचायला सवड नसते. पटकन ‘अलाउ ऑल’ दाबलं जातं आणि विषय विसरला जातो.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. एक फोटो टाकण्यासाठी अख्खी गॅलरी उघडी करावी लागत नाही. आणि दिलेली परवानगी केव्हाही काढून घेता येते. मात्र तोपर्यंत ॲपकडे जे गेलं, ते परवानगी काढल्याने परत येत नाही. म्हणूनच हे काम पुढच्या सणावर ढकलू नका.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बराचसा गोंधळ तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

- कॅमेऱ्याची परवानगी: ॲपमधूनच नवा फोटो किंवा रील काढायची असेल तर ही लागते. तिचा गॅलरीतल्या जुन्या फोटोंशी संबंध नाही.
- फोटो आणि व्हिडिओंची परवानगी: फोनमध्ये आधीपासून असलेले फोटो ॲपला वाचता येतात की नाही, हे ही परवानगी ठरवते. आपला विषय हा आहे.
- पोस्ट कोणाला दिसते: ‘पब्लिक’, ‘फ्रेंड्स’, प्रायव्हेट अकाउंट, फेसबुकचं प्रोफाइल लॉक. या सगळ्याने लोकांना काय दिसावं ते ठरतं. ॲपला तुमच्या फोनमधलं काय दिसावं, ते नाही.

‘माझं प्रोफाइल लॉक आहे, मग काळजी कसली?’ असं अनेकांना वाटतं. प्रोफाइल लॉक केल्याने अनोळखी माणसं दूर राहतात. खुद्द ॲपला दिलेली परवानगी होती तशीच राहते.

तुमच्या गॅलरीत नेमकं काय आहे?

निर्णय घेण्यापूर्वी गॅलरीतला ‘अल्बम्स’ हा भाग एकदा उघडा. ‘कॅमेरा’ या फोल्डरमध्ये तुम्ही काढलेले फोटो असतील. त्याच्या शेजारचं ‘स्क्रीनशॉट्स’ पाहा: यूपीआयने पैसे पाठवल्याच्या पावत्या, बँकेतली शिल्लक, रेल्वेचं तिकीट, कुणाशी झालेलं खासगी बोलणं. मग ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ पाहा. भाड्याच्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी एजंटला पाठवलेलं आधार आणि पॅन, भाडेकरूने पाठवलेली त्याची कागदपत्रं, आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, मुलाचं शाळेचं ओळखपत्र, सोसायटीच्या ग्रुपवर आलेली सभासदांची यादी.

‘सर्व फोटो’ अशी परवानगी दिली की हे सगळं त्यात येतं. कॅमेऱ्याने काढलेले फोटो वेगळे आणि कागदपत्रं वेगळी, असा भेद ही परवानगी करत नाही. शिवाय यातले पुष्कळसे फोटो तुमचे नसतातच. ज्यांचे आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

परवानगी दिली म्हणजे प्रत्येक ॲप लगेच सगळे फोटो उचलून नेतं, असा याचा अर्थ नाही. पण वाचायची मुभा त्याला मिळालेली असते, आणि ती पुढे कशी वापरली जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आणला. गूगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर या दोन्ही अधिकृत ठिकाणच्या काही ॲप्समध्ये तो लपलेला होता. गॅलरीची परवानगी मिळताच तो फोटोंमधली आणि स्क्रीनशॉटमधली अक्षरं वाचून क्रिप्टो खात्यांचे गुप्त शब्द शोधत असे. दरवाजा नेहमीचाच होता: वापरणाऱ्याने स्वतः दिलेली परवानगी.

तीन पर्याय आणि आमची शिफारस

नव्या फोनवर ॲप पहिल्यांदा फोटो मागतं तेव्हा साधारण तीन पर्याय दिसतात.

1. निवडक फोटो (‘सिलेक्ट फोटोज’ किंवा ‘लिमिटेड ॲक्सेस’): तुम्ही बोट ठेवाल तेवढेच फोटो ॲपला दिसतात. सोशल मीडियाच्या कोणत्याही ॲपसाठी हाच पर्याय घ्या.
2. सर्व फोटो (‘अलाउ ऑल’ किंवा ‘फुल ॲक्सेस’): आजचे आणि पुढे येणारेही सगळे फोटो. गॅलरीचं ॲप, बॅकअप घेणारं ॲप अशा मोजक्या ॲप्सनाच याची खरी गरज असते.
3. नको (‘डोन्ट अलाउ’ किंवा ‘नन’): फक्त पाहायला आणि वाचायला वापरता, फोटो कधीच टाकत नाही, अशा ॲपसाठी योग्य.

आयफोनवर काही ॲप्ससाठी ‘ॲड फोटोज ओन्ली’ असा चौथा पर्यायही दिसतो. त्यात ॲप तुमच्या फोनमध्ये फोटो ठेवू शकतं, पण असलेले फोटो वाचू शकत नाही.

अँड्रॉइड फोनवर काय करायचं

निवडक फोटोंची ही सोय २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून आहे. तुमच्या फोनमध्ये कोणतं अँड्रॉइड आहे ते सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये दिसेल. सॅमसंग, विवो, ओप्पो, शाओमी यांच्या सेटिंग्जमधले शब्द थोडे वेगळे असतात, क्रम मात्र साधारण असाच:

1. ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘ॲप्स’वर जा.
2. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांपैकी हवं ते ॲप निवडा.
3. ‘परमिशन्स’ म्हणजे परवानग्या उघडा.
4. ‘फोटोज अँड व्हिडिओज’वर बोट ठेवा.
5. ‘सर्व’ असेल तर ते बदलून निवडक फोटोंचा पर्याय घ्या. तो तिथे दिसला नाही तर ‘डोन्ट अलाउ’ करा. पुढच्या वेळी ॲप विचारेल तेव्हा निवडक फोटो द्या.

एकेक ॲप उघडण्यापेक्षा सगळी यादी एकदम पाहायची असेल, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘परमिशन मॅनेजर’ लिहा. त्यात ‘फोटोज अँड व्हिडिओज’ उघडलं की कोणत्या ॲप्सना मुभा आहे ते एकाखाली एक दिसतं. कधीकाळी घेतलेलं फोटो सजवण्याचं ॲप, मुलाने खेळायला घेतलेला गेम, एकाच खरेदीसाठी घेतलेलं दुकानाचं ॲप, अशी नावं इथे भेटतील. वापरात नसलेलं ॲप काढूनच टाका.

आयफोनवर काय करायचं

आयफोनवर निवडक फोटोंची सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे.

1. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा.
2. ‘फोटोज’वर जा. ज्या ॲप्सनी फोटो मागितले, त्यांची यादी दिसेल.
3. ॲप निवडा आणि ‘लिमिटेड ॲक्सेस’ करा.
4. कोणते फोटो द्यायचे ते त्याच ठिकाणी बदलता येतं.

ज्या ॲपला सगळे फोटो दिलेले आहेत, त्याची आठवण आयओएस १७ पासूनचे आयफोन अधूनमधून करून देतात. ती सूचना न वाचता मिटवू नका. निवडक पर्यायावर येण्याची ती आयती संधी असते.

फोन जुना असेल तर

अँड्रॉइड १३ किंवा त्याआधीच्या फोनवर ‘सगळे किंवा काहीच नाही’ एवढाच हिशेब असतो. अकराव्या आणि बाराव्या आवृत्तीत ही परवानगी ‘फाइल्स अँड मीडिया’ या नावाने दिसते. अशा वेळी परवानगी बंद ठेवून फोटो टाकायचे दोन मार्ग आहेत.

- गॅलरीतून सुरुवात करा. आधी गॅलरीत फोटो उघडा, ‘शेअर’ दाबा आणि मग इन्स्टाग्राम किंवा फेसबुक निवडा. बहुतेक वेळा तेवढाच फोटो ॲपकडे जातो.
- ब्राउझर वापरा. क्रोममध्ये फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडलं, तर तुम्ही निवडलेला फोटोच वर चढतो. अधूनमधून फोटो टाकणाऱ्यांना हे पुरेसं आहे.

हे दोन्ही जमत नसेल तर फोटो टाकण्यापुरती परवानगी द्या आणि काम झालं की काढा.

निवडक पर्याय घेतल्यावर येणाऱ्या अडचणी

- ‘नवा फोटो ॲपमध्ये दिसतच नाही.’ हे बरोबरच आहे, कारण तो तुम्ही अजून दिलेला नाही. फोटो निवडायच्या पानावर ‘मॅनेज’ किंवा ‘सिलेक्ट मोअर’ असं लहान अक्षरांत असतं. तिथून तो जोडा. ‘काहीतरी बिघडलं’ असं समजून ‘अलाउ ऑल’ करून टाकण्याची चूक इथेच होते.
- दिलेल्या फोटोंची यादी वाढत जाते. आधी दिलेले फोटो ॲपला दिसत राहू शकतात. महिन्यातून एकदा जुन्यांवरची खूण काढा.
- ॲप पुन्हा पुन्हा विचारतं. प्रत्येक वेळी निवडकच द्या. वैतागून होकार देऊ नका.
- ‘ॲप काढून टाकलं, म्हणजे फोटो गेले.’ नाही. टाकलेल्या पोस्ट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. त्या काढायच्या तर खात्यात शिरून पोस्ट किंवा अख्खं खातं डिलीट करावं लागतं. नुसतं ‘डीॲक्टिव्हेट’ केल्याने खातं लपतं, पुसलं जात नाही.

ॲपच्या आतली बटणंही पाहा

फोनच्या सेटिंग्जबरोबर ॲपच्या आतही काही संमती घेतल्या जातात. २०२५ मध्ये फेसबुकने काही वापरकर्त्यांना नवी विचारणा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि कॅनडात ही सोय रीतसर आणली. फोनमधले पोस्ट न केलेले फोटो कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन त्यांचे कोलाज, आठवणींचे व्हिडिओ सुचवण्याची ही सोय आहे. हे फोटो जाहिरातींसाठी वापरत नाही, असं कंपनी सांगते. सोय ऐच्छिक आहे. पण होकार एकदा दिला की फोटो सतत वर चढत राहतात, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा रोल शेअरिंग सजेशन्स’ असं काही दिसलं तर ते बंद ठेवा. अशा चौकटीत ‘क्लाउड प्रोसेसिंग’ हे शब्द आले की फोटो फोनबाहेर जाणार, असा त्याचा अर्थ घ्या.

व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत येऊच देऊ नका

इतर ॲप्सना तुमच्या गॅलरीत जे सापडतं, त्यातला मोठा भाग व्हॉट्सॲपवरून आलेला असतो. तो तिथेच अडवता येतो.

- अँड्रॉइडवर: व्हॉट्सॲप ‘सेटिंग्ज’, मग ‘चॅट्स’, मग ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा.
- आयफोनवर: ‘सेटिंग्ज’, मग ‘चॅट्स’, मग ‘सेव्ह टू फोटोज’ बंद करा.
- फक्त सोसायटी किंवा शाळेच्या ग्रुपपुरतं हवं असेल, तर त्या ग्रुपच्या माहितीच्या पानावरही हा पर्याय मिळतो.

हा बदल पुढे येणाऱ्या फोटोंना लागू होतो. आधीच येऊन पडलेली आधार-पॅनची चित्रं गॅलरीतून तुम्हालाच काढावी लागतील. स्वतःची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवा. कुणाला आधार पाठवायचंच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ पाठवा.

आणखी एक. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो कुठे आणि केव्हा काढला ही नोंद त्याच्यासोबत जाऊ शकते. घराचा, मुलांचा फोटो तसा पाठवू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधलं ‘लोकेशन’ही बंद ठेवा.

कर्जाचं ॲप फोटो मागत असेल तर

इथे निवडक वगैरे काही नाही. थेट नकार द्या. गॅलरीतले फोटो आणि नातेवाइकांचे नंबर मिळवून, फोटो विकृत करून कर्जदारांना धमकावण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाविषयी जे निर्देश दिले आहेत, त्यांनुसार कर्जाच्या ॲपला फाइल्स, फोटो, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदींना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हे फक्त ग्राहकनोंदणी किंवा केवायसीसाठी, तुमच्या स्पष्ट संमतीने आणि एकदाच घेता येतं. गूगल प्लेनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि संपर्क मागायला मनाई केली आहे. म्हणजे गॅलरी मागणारं कर्जाचं ॲप नियम मोडतंच आहे. ते घेऊच नका.

तुमचे हक्क

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. नियमांनी दिलेल्या मुदतीप्रमाणे संमती आणि हक्कांची मुख्य कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तुमच्या कामाच्या तरतुदी अशा:

- गरजेपुरतीच संमती. कामाला न लागणारी माहिती मागून घेतलेली संमती ग्राह्य नाही. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ती संमती सल्ल्याच्या कामापुरतीच धरली जाते.
- मराठीत माहिती. कशासाठी काय घेतलं जातंय हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने द्यायला हवी. त्यात मराठी आहे.
- संमती मागे घेणं. जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती काढता आली पाहिजे.
- माहिती पुसून मागणं. आपली कोणती माहिती आहे ते विचारता येतं आणि ती दुरुस्त करून किंवा पुसून मागता येते.
- मुलांसाठी पालकांची संमती. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते.

याला एक मर्यादा आहे. तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ‘पब्लिक’ ठेवलेल्या फोटोवर हे हक्क सांगता येणार नाहीत. मुलांचे, घराचे, गणवेशातले फोटो टाकताना म्हणूनच ‘फ्रेंड्स’ हीच मर्यादा ठेवा.

फोटोचा गैरवापर झाला तर

घाबरून खातं बंद करू नका आणि धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. पुढच्या क्रमाने जा.

1. पुरावा ठेवा. पोस्टची लिंक, प्रोफाइलचा पत्ता, धमकीचे संदेश, तारीख आणि वेळ यांची नोंद करा. अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो असेल तर मात्र तो स्वतःकडे साठवू किंवा पुढे पाठवू नका. लिंक लिहून घ्या आणि पोलिसांकडे जा.
2. ॲपकडे तक्रार करा. खासगी अवयव किंवा नग्नता दाखवणारी, तसंच बनावट केलेली चित्रं तक्रार आल्यापासून २४ तासांच्या आत हटवण्याचं बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातलं. २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. तक्रार अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.
3. सरकारी यंत्रणेला कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.
4. पोलीस ठाण्यात जा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणे आहे. तक्रार घराजवळच्या ठाण्यातही देता येते. ‘हद्द आमची नाही’ असं उत्तर मिळालं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण किंवा प्रसार केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.
5. फोटो पसरण्याआधी अडवा. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत खासगी फोटोचा सांकेतिक ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. ही सेवा १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. लहानांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे.

आज एवढं करा

- परवानग्यांची यादी उघडा आणि सोशल मीडियाची सर्व ॲप्स निवडक फोटोंवर आणा.
- वापरात नसलेली ॲप्स काढा.
- व्हॉट्सॲपची ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा.
- गॅलरीतून आधार, पॅन, पासबुक आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट पुसा. नंतर ‘रिसेंटली डिलीटेड’ किंवा ‘ट्रॅश’ही रिकामं करा.
- फेसबुकमधली कॅमेरा रोलची सोय बंद आहे ना, ते पाहा.
- हेच घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर त्यांच्या शेजारी बसून करा. बटणं तुम्ही दाबू नका, त्यांना दाबू द्या. पुढच्या वेळी ती चौकट समोर येईल तेव्हा निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे.